शब्दांचे कुलशील

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की आमच्या घरात दरवर्षी एक खटला उभा राहतो. आरोपी असतात माझे शब्दकोश आणि फिर्यादी आमची सौभाग्यवती. आरोप असा की, हे गलेलठ्ठ ग्रंथ कपाटाचे अडीच खण अडवून बसले आहेत. वर्षातून एकदा त्यांच्यावरची धूळ झटकावी लागते. आणि आता सगळे शब्द नातीच्या मोबाइलमध्ये सापडत असताना यांना पोसायचे तरी कशासाठी? आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराजवळ या प्रश्नाला उत्तर नसते. तो निमूटपणे एकेक ग्रंथ खाली उतरवतो, फडक्याने पुसतो, आणि पुसता पुसता मधलेच एखादे पान उघडून शिडीच्या पायरीवरच बसून राहतो. खटला पुढच्या दिवाळीपर्यंत तहकूब होतो.

यंदा शिडीखाली आमची नात उभी होती. कॉलेजात शिकते, सुट्टीसाठी आली आहे. आदल्या रात्री तिने एक जुना हिंदी चित्रपट पाहिला होता आणि त्यातल्या खलनायकाचे गडगडाटी हसणे अजून तिच्या कानांतून गेले नव्हते. तिने विचारले, "आजोबा, व्हिलन हा शब्द मुळात कुठला हो?"

मी म्हटले, "शेतावरचा."

ती हसली. आजोबांनी नेहमीप्रमाणे थट्टा केली, असे तिला वाटले. पण ती थट्टा नव्हती.

लॅटिन भाषेत 'विला' म्हणजे शेतीवाडीचे घर, आणि त्या वाडीवर राबणारा तो 'विलानुस'. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हा त्याच्या फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांबरोबर या शब्दाचे फ्रेंच रूप इंग्लंडात उतरले. १०८६ साली या राजाने सगळ्या मुलखाची पाहणी करवली. तिच्या दप्तराला 'डूम्सडे बुक' म्हणतात. त्या दप्तरात माणसांचे जे वर्ग नोंदले आहेत, त्यांत सर्वांत मोठा वर्ग या विलानांचा. आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या शेतात राबायचे, त्याच्या परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, मुलीचे लग्न करायचे तर त्यासाठीही मालकाला पैसे भरायचे, असे त्याचे जिणे. गुन्हा म्हणाल तर एवढाच, की तो गरीब होता आणि मातीत राबत होता. पण वाड्यातल्या लोकांच्या तोंडी 'विलान' म्हणजे आधी शेतकरी, मग अडाणी, मग असभ्य, मग नीच, आणि शेवटी बदमाश, असा तो शब्द पायरी पायरीने खाली उतरत गेला. पुढे नाटकवाल्यांनी त्याला रंगभूमीवर आणले आणि चित्रपटवाल्यांनी त्याला मिशा चिकटवल्या. नांगर धरणारा हात अशा रीतीने खंजीर धरणारा हात झाला.

या एकट्याचेच असे झाले असते, तर तो अपघात म्हणून सोडून देता आला असता. पण शब्दकोशाची पाने उलटू लागले की दिसते, इथे एक रीतच आहे. 'चर्ल' म्हणजे एके काळी साधा स्वतंत्र माणूस. आज त्याचा अर्थ उद्धट, खडूस. 'मीन' म्हणजे मुळात सामाईक, सर्वसाधारण. आज त्याचा अर्थ क्षुद्र, कोत्या मनाचा. उलट 'जेंटल' म्हणजे मुळात चांगल्या घराण्यातला. आज त्याचा अर्थ सौम्य, मृदू. 'जनरस' म्हणजेही मुळात थोर कुळात जन्मलेला. आज तो झाला उदार. जणू उदारपणा, मृदुता हे सगळे गुण वाड्यातच जन्माला येतात, आणि वाड्याबाहेर नुसता कोतेपणा पिकतो! सी. एस. लुइस या विद्वानाने १९६० साली 'स्टडीज इन वर्ड्स' या पुस्तकात ही रीत नेमकी दाखवून दिली आहे. माणसाचा दर्जा सांगणारे शब्द पुढे पुढे त्याचे शील सांगू लागतात, असा तिचा सारांश. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. सभेत बसण्याजोगा तो 'सभ्य', कुळातला तो 'कुलीन', आणि गावातला तो 'ग्राम्य' नाही तर 'गावंढळ'! कुळावरून शील ठरवायची खोड इंग्रजांनी आपल्याकडून घेतलेली नाही आणि आपण त्यांच्याकडूनही नाही. ही खोड घरोघरची आहे.

सणाचे दिवस आहेत, म्हणून एक गोड उदाहरण देतो. 'लॉर्ड' या भारदस्त शब्दाची फोड केली, तर त्याच्या पोटात भाकरी निघते. जुन्या इंग्रजीत तो होता 'भाकरीचा राखणदार'. आणि 'लेडी' म्हणजे 'भाकरीचे पीठ मळणारी'. हे मी सांगितले तेव्हा आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरात करंज्यांचे पीठ मळत होती. ती तिथूनच म्हणाली, "मग मी लेडीच की! आणि भाकरीची राखण कोण करते हो या घरात?" मी विषय बदलला. पण त्या दोघांच्या जोडीला जुन्या इंग्रजीत एक तिसराही शब्द होता, 'भाकरी खाणारा'. म्हणजे मालकाच्या घरचे अन्न खाऊन त्याची चाकरी करणारा नोकर. राखणारा लॉर्ड झाला, मळणारी लेडी झाली. खाणारा मात्र भाषेतून पार नाहीसा झाला. त्याचा शब्द आता फक्त जुन्या कायद्यांच्या पोथीत सापडतो.

भाऊबीजेच्या रात्री पत्ते खेळायला बसाल, तेव्हा गुलामाकडेही जरा पाहा. या पत्त्याला इंग्रजीत पूर्वी 'नेव्ह' म्हणत. नेव्ह म्हणजे आज लबाड, हरामखोर. पण मुळात त्याचा अर्थ होता नुसता 'मुलगा'. जर्मन भाषेत त्याचा भाऊ अजून मुलगा या अर्थानेच नांदतो आहे. कामाला ठेवलेला पोऱ्या तो नेव्ह, आणि पोऱ्या म्हटला की लबाड असायचाच, असा मालकाचा हिशेब. आता मौज अशी की, इंग्रजांचा शूर सरदार जो 'नाइट', तोही मुळात 'मुलगा'च! त्या पोऱ्याला राजाच्या पदरी जागा आणि घोडा मिळाला. या पोऱ्याला खरकटी भांडी मिळाली. एवढाच काय तो फरक. आणि आपला 'गुलाम'? तोही अरबीत आधी 'मुलगा'च होता. एकाच पत्त्यावर दोन खंडांतली दोन पोरे उभी आहेत आणि दोघांचेही नशीब एकच!

कोणी म्हणेल, ही सारी गरिबांचीच कथा दिसते. तसेही नाही. 'सिली' म्हणजे आज वेडगळ. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता सुखी, देवाची कृपा असलेला. देवाचा माणूस तो भोळा, भोळा तो दुबळा, आणि दुबळा तो मूर्ख, अशी ती उतरण. आपल्याकडे याचा सख्खा भाऊ आहे. सम्राट अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो. त्या लेखांचे तुकडे मुंबईजवळ सोपाऱ्यालाही सापडले आहेत. पण पुढच्या संस्कृत व्याकरणकारांनी 'देवानांप्रिय' या शब्दाचा अर्थ दिला आहे, मूर्ख! सिंहासन गेले आणि लेखणी दुसऱ्यांच्या हाती राहिली, की सम्राटाचीही अशी गत होते. मग ज्याच्या हाती लेखणी कधी आलीच नाही, त्या विलानाची काय कथा?

हे सारे मी वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगत असे. मुले हसत, टाळ्या देत. सांगताना मला एक सूक्ष्म समाधानही वाटे, की पाहा, या गोऱ्या साहेबांच्या भाषेत केवढा अन्याय भरला आहे! माझ्या स्वतःच्या तोंडाची झडती मात्र मी कधी घेतली नव्हती. ती एका नववीतल्या मुलाने घेतली.

१९७३ सालची गोष्ट. आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला, तो ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी नवा मास्तर होतो. गावाबाहेर सरकारी कामे निघाली होती; बांध घालणे, खडी फोडणे, रस्त्यावर माती टाकणे. ज्यांच्या घरी स्वतःची जमीन होती अशी माणसेही डोईवर पाटी घेऊन त्या कामावर उभी होती. शाळेत निम्मी बाके रिकामी असत.

एके दिवशी मी निबंधाच्या वह्या परत देत होतो. एका मुलाचा निबंध फारच कच्चा होता. अर्धे पान, तेही घाईने खरडलेले. मी वही वर धरून म्हटले, "काय रे हा निबंध! नुसत्या पाट्या टाकल्या आहेस!"

वर्ग हसला. मुलगा उभा राहिला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, चूक दुरुस्त करावी तशा स्वरात तो म्हणाला, "सर, माझी आई पाट्या टाकती. बांधावर. मुकादम माती मोजून घेतो. कमी भरली तर पैसे कापत्यात."

वर्ग एकदम गप्प झाला. मी काय करायला हवे होते, ते मला आज, इतक्या वर्षांनी नीट ठाऊक आहे. त्या वेळी मी एवढेच म्हटले, "बरं, बस खाली." आणि पुढची वही उचलली.

त्या रात्री मला झोप आली नाही. 'पाट्या टाकणे' म्हणजे मन नसताना, कसेबसे काम उरकणे. हा अर्थ मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण हा वाक्प्रचार केला कोणी? उन्हात पाटी वाहणाऱ्या बाईने तो केलेला नाही, एवढे निश्चित. तिला ठाऊक आहे की एक पाटी किती जड असते. तो केला सावलीत उभे राहून पाहणाऱ्याने. विलानाचा व्हिलन करणारे लोक आणि मी, यांच्यात मग फरक कोणता? त्यांच्या मागे वाडा होता, माझ्या मागे फळा होता, एवढाच.

पुढच्या जूनमध्ये तो मुलगा शाळेत आला नाही. घरची मंडळी काम शोधायला मुंबईकडे गेली, असे कळले. माझ्या त्या वाक्यामुळे तो गेला असे मी म्हणत नाही. दुष्काळ माझ्या वाक्याहून फार मोठा होता. पण त्याच्या सामानात ते वाक्य गेले असेल, एवढे खरे.

आता खरा प्रश्न असा आहे. शब्द आपण घडवलेले नसतात. ते आपल्याला घरासारखे, शेतासारखे वारशाने मिळतात. मग त्यांच्यात कोणाचा अपमान पुरलेला असेल, तर त्याचा दोष बोलणाऱ्याकडे किती?

पहिला बचाव असा की, मला ठाऊक नव्हते. हा बचाव मीही त्या रात्री मनाशी करून पाहिला. इंग्रजीतल्या 'नाइस' या लाडक्या शब्दाचे मूळ इथे आठवते. लॅटिनमधल्या 'न जाणणारा' या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला. आधी त्याचा अर्थ मूर्ख असा होता, मग चोखंदळ, मग नेमका, आणि शेवटी छान. न जाणणे हे फार छान असते, अशी जणू या शब्दाची साक्ष आहे! पण न जाणण्याचा छानपणा जाणण्याच्या क्षणापर्यंतच टिकतो. मुलगा उभा राहून बोलला, त्या क्षणी माझा तो बचाव संपला.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. कोणी म्हणेल, मास्तर, मूळ पाहून शब्द टाकायचे ठरवले तर बोलणेच बंद पडेल. शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. कोणाला 'नाइस' म्हटल्याने तो मूर्ख ठरत नाही, आणि चित्रपटातल्या दुष्टाला व्हिलन म्हटल्याने कोणा शेतकऱ्याचा अपमान होत नाही. हे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मूळ शोधून शब्दांना बहिष्कृत करत सुटणे, हे तर पुन्हा कुळावरून शील ठरवण्यासारखेच झाले. माणसाला जो न्याय, तोच शब्दाला हवा.

पण मग 'व्हिलन' म्हणताना जीभ अडत नाही आणि 'पाट्या टाकणे' म्हणताना अडते, ती का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. माझे उत्तर साधे आहे. विलान आज ऐकायला हजर नाही. १३४८ नंतरच्या प्लेगच्या साथीने राबणारे हात कमी झाले, १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला, आणि पुढे ती वेठीची पद्धत हळूहळू मोडत जाऊन सोळावे शतक संपेपर्यंत इंग्लंडातून जवळजवळ नाहीशी झाली. त्या शब्दाने दुखावणारा माणूस आता उरला नाही. शब्दाची जखम भरून तिची नुसती खूण राहिली आहे. पण पाटी वाहणारी बाई आहे. आपल्या नव्या इमारतींवर, रस्त्यांच्या कामांवर ती आजही दिसते, आणि तिचा मुलगा आपल्या वर्गात बसलेला असतो. ज्याच्या घामापासून शब्द झाला, तो माणूस कानाच्या टप्प्यात आहे का, ही माझी कसोटी. तो असेल, तर तो शब्द जुना झालेलाच नाही. आपण उच्चारतो त्या क्षणी तो पुन्हा नव्याने घडतो, आणि त्या घडवण्यात आपला हात असतो.

याच कसोटीवर एक इंग्रजी शब्द आपल्या घराशी येऊन थांबतो. बहिष्कृत, वाळीत टाकलेला, या अर्थी इंग्रजीत 'पराया' असा शब्द आहे. कानाला तो हिंदीतल्या 'पराया'सारखा वाटला, तरी त्याचे मूळ तमिळ आहे. 'परै' म्हणजे एक प्रकारचा ढोल. सणासमारंभांत आणि अंत्ययात्रेत तो वाजवणाऱ्या समाजाचे नाव परैयर, अशी व्युत्पत्ती कोशकार देतात. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या सुप्रसिद्ध कोशातही ती आहे. युरोपीय लोकांनी हे नाव आपल्याकडून उचलले. ढोल विसरला गेला आणि तिरस्कार तेवढा बोटीत चढला! आज एखादा देश दुसऱ्या देशांनी वाळीत टाकला, तर जगभरची वर्तमानपत्रे त्याला हाच शब्द लावतात. लिहिणाऱ्याला त्यात माणसे दिसत नाहीत. पण ती माणसे आहेत. लाखोंनी आहेत, शिकतात, वर्तमानपत्रे वाचतात, आणि आपले नाव जगाच्या शब्दकोशात कोणत्या अर्थाने छापले आहे, ते पाहतात.

हे वाचून इंग्रजांवर रागावण्याआधी एक ध्यानात घ्यावे. तो तिरस्कार त्यांनी आपल्याकडूनच नेला. आपल्या म्हणींत जातींची नावे कशी ओवली आहेत, ते प्रत्येकाने आपल्याशीच आठवून पाहावे. मी त्या म्हणी इथे लिहीत नाही. दिवाळीच्या अंकात त्या नकोत, आणि खरे तर कुठेच नकोत. १९८९ सालच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने चारचौघांत जातीवरून कोणाची मानहानी करणे हा गुन्हा ठरवला, हे योग्यच झाले. पण कायद्याचा हात तोंडापर्यंत पोहोचतो. तोंडाच्या आत, जिथे शब्द तयार होतो, तिथे आपल्याशिवाय दुसरा कोणी पहारेकरी नसतो.

नातीला मी हे सगळे सांगितले. शाळेतली गोष्टही सांगितली. इतक्या वर्षांत घरात प्रथमच. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "आजोबा, त्या मुलाच्या आईचं नाव काय होतं?"

मला ते ठाऊक नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते. हजेरीपटात वडिलांचे नाव असे. आईच्या नावाचा रकानाच नव्हता.

शिडी आवरण्यापूर्वी मी तिला आणखी एक शब्द दाखवला; तोच इथे शेवटी देतो. इंग्रजीत 'बूर' म्हणजे गावंढळ, रानवट माणूस. त्याचेही मूळ शेतकरीच. हॉलंडच्या बाजूच्या भाषांतून तो इंग्रजीत आला. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा एक सख्खा भाऊ होता. त्याच्यामागे 'जवळचा' या अर्थाचा शब्द जोडून इंग्रजांनी फार पूर्वीच एक जोडशब्द केला होता. जवळ राहणारा शेतकरी, म्हणून 'नेबर', म्हणजे शेजारी. माणूस तोच, त्याची माती तीच. दूर उभे राहून पाहिले तर तो गावंढळ. जवळ जाऊन पाहिले तर तो शेजारी.

शब्दांचे कूळ शोधण्याचा छंद कोणी निरुद्योगीपणा म्हणेल. असेलही. पण आपण कोणापासून किती दूर उभे आहोत, हे मला त्या छंदाने दाखवले. मुलांनी बुद्धीने नव्हे, नुसते हात हलवून काम केले की मास्तर लोक काय म्हणतात, ते अजून माझ्या जिभेवर येते. सवय जुनी आहे. मी ते गिळतो आणि म्हणतो, "घाई झाली वाटतं. पुन्हा लिही." काम तेच होते, आणि वाटेत कोणाची आई उभी राहत नाही.

शब्दकोश पुन्हा कपाटात गेले आहेत. फिर्यादी पक्षाने यंदा अर्धा खण परत मागितला होता; तो मी फराळाच्या डब्यांसाठी आनंदाने सोडला आहे.